नव्वद सेकंदांची मुदत: एक रीबूट, रेडिसची सेवा आणि गणपतीच्या गाड्या

पार्श्वभूमी

पुण्यातली एक छोटी कंपनी खासगी ट्रॅव्हल्सवाल्यांना सीट बुकिंगचं सॉफ्टवेअर पुरवते. मुंबई-पुण्याहून कोकणात आणि घाटावर जाणाऱ्या गाड्या हा त्यांचा मुख्य धंदा. वर्षभर जे बुकिंग होतं त्यातला मोठा वाटा गणपती, दिवाळी आणि मे महिना या तीन हंगामांत येतो. ही घटना गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यातली आहे. कंपनीची आणि माणसांची ओळख कळेल असे तपशील बदलले आहेत. तांत्रिक क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे. घटनेनंतर लॉग चाळायला जे बसले त्यांत मी होतो.

कायमच्या नोंदी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आणि घाईची कामं रेडिसमध्ये, म्हणजे सगळा डेटा मेमरीत ठेवणाऱ्या वेगवान डेटाबेसमध्ये, अशी वाटणी होती. सुरुवातीला रेडिसकडे एकच काम होतं. ग्राहकाने सीटवर बोट ठेवलं की ती दहा मिनिटं त्याच्या नावावर अडवून ठेवायची. पैसे आले नाहीत तर मुदत संपून सीट आपोआप मोकळी होते. मग शोधाचे निकाल तिथे साठवले जाऊ लागले. नंतर तिकिटाचे मेसेज पाठवायची रांग आली, आणि शेवटी एजंटांच्या खात्यातली शिल्लकही तिथेच मोजली जाऊ लागली, कारण पोस्टग्रेसमधून दर वेळी बेरीज करणं जड जात होतं. 'नुसता कॅशे (तात्पुरता साठा) आहे, गेला तर गेला' असं ज्याच्याबद्दल बोललं जायचं, त्यात आता पैशाचा हिशेब होता. हे कोणी ठरवून केलं नव्हतं, एकेका छोट्या बदलाने झालं.

मशिन एकच, ३२ जीबी मेमरीचं, उबुंटू २०.०४ वर. रेडिस ६.२ सोर्सवरून बांधलेलं, आणि बांधताना सिस्टमडीचा (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या प्रोग्रामचा) आधार चालू केलेला. सेवेची युनिट फाइल, म्हणजे ती कशी चालवायची हे सिस्टमडीला सांगणारी फाइल, रेडिसच्या सोर्सबरोबर 'युटिल्स' फोल्डरमध्ये जो नमुना येतो त्यावरून घेतलेली. त्या नमुन्यात सेवेचा प्रकार 'नोटिफाय' असतो: रेडिसने स्वतः 'मी तयार आहे' असं कळवलं की मगच सिस्टमडी सेवा सुरू झाली असं मानतं. सुरू होण्याची आणि थांबण्याची मुदत अमर्याद करणाऱ्या दोन ओळीही नमुन्यात आहेत, पण इथे त्या पुढे हॅशचं चिन्ह लावून निष्क्रिय केलेल्या होत्या. मुदत दिली नाही की सिस्टमडी आपली ठरलेली मुदत लावतं: सुरू व्हायला ९० सेकंद, थांबायला ९० सेकंद.

युनिट फाइल लिहिली तेव्हा डेटा दोन जीबीच्या आत होता. रेडिस दहा-बारा सेकंदांत उठायचं. घटनेच्या वेळी मेमरीतला डेटा १८ जीबीपर्यंत गेला होता, त्यातला बहुतेक शोधाच्या निकालांचा. मधल्या काळात मशिन एकदाही रीबूट झालं नव्हतं, त्यामुळे उठायला आता किती वेळ लागतो हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

आणखी एक बदल इथेच सांगायला हवा. डिस्कवर प्रत उतरवताना रेडिस स्वतःचा फोर्क (स्वतःचीच एक जुळी प्रोसेस) करतं, आणि त्या क्षणी विनंत्या किंचित अडखळतात. ते टाळायला कोणीतरी प्रत काढायचे सगळे नियम काढून एकच ठेवला होता: तासाभरात एक जरी बदल झाला तर प्रत काढ. प्रत्येक आज्ञा फाइलीत टिपणारा एओएफ बंद होता.

काय घडलं

कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या) सुरक्षा दुरुस्तीसाठी रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी मशिन रीबूट केलं. ज्याने केलं त्याने मशिन वर आलेलं पाहिलं, रेडिसचा ६३७९ पोर्ट उघडा असल्याचं पाहिलं, देखरेखीच्या पडद्यावर सगळं हिरवं पाहिलं आणि तो झोपला. या तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तरी रेडिस बंद होतं.

पडद्यामागे दोन वेगळ्या घटना घडत होत्या. पहिली बंद होतानाची. रीबूटची आज्ञा मिळाल्यावर सिस्टमडीने रेडिसला सिगटर्म, म्हणजे 'आवरून बाहेर पड' हा संकेत, पाठवला. प्रत काढायचा नियम चालू असेल तर सिगटर्म मिळाल्यावर रेडिस आधी सगळा डेटा डिस्कवर लिहितं आणि मग बाहेर पडतं. त्याच्या लॉगमध्ये 'शेवटची प्रत साठवतो आहे' या अर्थाची ओळ होती. तिच्यानंतर यायला हवी ती 'डेटा डिस्कवर साठवला' ही ओळ नव्हती. ९० सेकंद झाल्यावर सिस्टमडीने सिगकिल, म्हणजे जागच्या जागी मारणारा संकेत, दिला आणि लिहिणं मध्येच तुटलं.

इथे एक पुरावा फार बोलका होता. रेडिस प्रत थेट 'डम्प.आरडीबी' या तिच्या ठरलेल्या फाइलीवर लिहीत नाही. आधी 'टेम्प', पुढे प्रोसेसचा क्रमांक, अशा नावाच्या तात्पुरत्या फाइलीत लिहितं आणि सगळं नीट झालं तरच तिचं नाव बदलतं. डेटाच्या फोल्डरमध्ये अशी एक अर्धवट फाइल पडून होती. तिच्या नावातला क्रमांक जर्नलमधल्या (सिस्टमडीच्या लॉगमधल्या) रेडिसच्या मुख्य प्रोसेसशी जुळला. पार्श्वभूमीत चाललेली प्रत असती तर फोर्क केलेल्या मुलाचा क्रमांक असता. म्हणजे तुटलेली प्रत बंद होतानाचीच, याबद्दल वाद उरला नाही. या रीतीचा फायदा असा की जुनी 'डम्प.आरडीबी' धडधाकट राहिली. फक्त ती एक वाजून बत्तीस मिनिटांची होती.

दुसरी घटना सुरू होतानाची. रेडिस उठलं आणि प्रत मेमरीत चढवू लागलं. त्या डिस्कवरून याला साडेतीन मिनिटं लागतात, हे नंतर मोजल्यावर कळलं. 'तयार आहे' हा निरोप ६.० पासून डेटा चढवून झाल्यावरच जातो. दीड मिनिट झालं, निरोप आला नाही, सिस्टमडीने सेवा पाडली. 'रिस्टार्ट=ऑलवेज' असल्यामुळे लगेच पुन्हा उठवली. पुन्हा दीड मिनिट, पुन्हा पाडली. पहाटेपर्यंत हेच. रेडिस एका बाबतीत शहाणं आहे: डेटा चढत असताना सिगटर्म आला तर ते काहीही न साठवता बाहेर पडतं. नाहीतर प्रत्येक फेरीत अर्धवट चढलेला डेटा चांगल्या प्रतीवर लिहिला गेला असता.

सिस्टमडी अशा वेळी हात टेकतं असा अनेकांचा समज असतो, आणि तो अर्धा बरोबर आहे. ठरलेली मर्यादा दहा सेकंदांत पाच वेळा सुरू होण्याची आहे. इथे एक फेरीच दीड मिनिटाची. मर्यादा कधीच गाठली गेली नाही, सेवा 'फेल्ड' अवस्थेत जाऊन थांबली नाही, 'ॲक्टिव्हेटिंग'मध्येच घोटाळत राहिली. देखरेख 'फेल्ड' झाल्यावरच ओरडणारी होती. पोर्टची तपासणीही पास होत राहिली, कारण रेडिस डेटा चढवायच्या आधीच पोर्ट उघडतं आणि येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक आज्ञेला 'लोडिंग' अशी त्रुटी परत देतं.

मग बुकिंग बंद पडल्याचं कळलं कसं नाही? सीट अडवणाऱ्या कोडमध्ये रेडिसकडून कोणतीही त्रुटी आली की 'ही सीट उपलब्ध नाही' असं उत्तर जायचं. रात्रभर प्रत्येक गाडीची प्रत्येक सीट भरलेली दिसत होती. आणि गणपतीच्या तोंडावर सावंतवाडीची गाडी भरलेली दिसली तर चाकरमानी त्याला बिघाड म्हणत नाही, नशीब म्हणतो. साडेपाचला चिपळूणच्या एका एजंटाचा फोन आला: "साहेब, माझी गाडी अर्धी रिकामी आहे आणि तुमचं सॉफ्टवेअर फुल्ल दाखवतंय."

त्या पहाटे समोर असलेले पर्याय

ऑन-कॉलवर, म्हणजे अवेळी आलेले बिघाड सांभाळायच्या पाळीवर, दीडेक वर्षाचा अनुभव असलेला एक मुलगा होता. त्याने पहिली गोष्ट केली ती उत्तम: 'डम्प.आरडीबी'ची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवली. पुढच्या सगळ्या गोंधळात निर्धास्तपणे वावरता आलं ते त्यामुळे.

नंतर त्याच्यापुढे तीन वाटा होत्या. डेटा बाजूला ठेवून रेडिस रिकामं सुरू करायचं. एका मिनिटात बुकिंग चालू झालं असतं, पण मेसेजची रांग आणि एजंटांची शिल्लक शून्यावर आली असती. दुसरी वाट सिस्टमडीला बाजूला ठेवून रेडिस हाताने सुरू करण्याची. तिसरी युनिटची मुदत वाढवून सेवा नीट उठवण्याची.

त्याने दुसरी निवडली. जर्नलमध्ये 'सुरू होण्याची मुदत संपली' असं स्वच्छ लिहिलेलं त्याला दिसलं होतं, पण ही मुदत नक्की कुठे बदलायची हे आठवेना, आणि फोन वाजत होता. त्याने सेवा थांबवली, रूट (सर्व अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून रेडिसला तीच कॉन्फिग फाइल देऊन पार्श्वभूमीत सोडलं. साडेतीन मिनिटांनी बुकिंग सुरू झालं.

मला त्याच्या निर्णयात दोष दिसत नाही. त्याच्या हाताशी लिहिलेली कृती नव्हती, हा दोष दिसतो. तिसऱ्या वाटेलाही तितकाच वेळ लागला असता. 'सिस्टमसीटीएल एडिट' म्हणायचं, सर्व्हिस विभागात 'टाइमआउटस्टार्टसेक' ही एक ओळ घालायची, साठवायचं, सेवा उठवायची. मूळ फाइलीला हात लागत नाही, वेगळी पुरवणी फाइल तयार होते, आणि या आज्ञेने केलेला बदल सिस्टमडी स्वतःच वाचून घेतं.

हाताने सुरू केल्याची किंमत

किंमत दहा मिनिटांत समोर आली. मेसेज पाठवणारे आणि हिशेब करणारे वर्कर (पार्श्वभूमीत चालणारे प्रोग्राम) त्याच मशिनवर होते. त्यांच्या युनिटमध्ये 'रिक्वायर्स' आणि 'आफ्टर' या दोन्ही ओळी रेडिसच्या सेवेकडे बोट दाखवत होत्या: ती सेवा हवीच, आणि तिच्यानंतरच सुरू व्हायचं. रात्री रेडिसचा पहिला प्रयत्न फसला तेव्हाच सिस्टमडीने 'अवलंबून असलेली सेवा अयशस्वी' असं म्हणून वर्करांचं काम रद्द केलं होतं. वर्कर मुळात सुरूच न झाल्यामुळे त्यांच्या स्वतःच्या 'रिस्टार्ट=ऑलवेज'चा उपयोग नव्हता. रेडिस नंतर शंभरदा उठलं असतं तरी ते आपणहून उठणार नव्हते.

म्हणून त्याने वर्कर सुरू करायची आज्ञा दिली. 'रिक्वायर्स'मुळे सिस्टमडीने आधी रेडिसची सेवा उठवायला घेतली, कारण त्याच्या वहीत ती बंद होती. हाताने चालवलेल्या प्रोसेसची त्याला खबरच नाही. नवं रेडिस ६३७९ पोर्टवर बसायला गेलं, तिथे जुनं बसलेलं. 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज'. या वेळी अपयश क्षणात आलं, पाच प्रयत्न डोळ्याचं पातं लवायच्या आत झाले आणि सेवा 'फेल्ड'. देखरेखीच्या पडद्यावर पहिल्यांदा लाल दिवा लागला तो बुकिंग व्यवस्थित चालू असताना.

पुरवणी फाइलीतून 'रिक्वायर्स' कोरी करता येत नाही; अवलंबित्वाच्या ओळी पुरवणीत वाढवता येतात, पुसता येत नाहीत. मग वर्करांच्या मूळ युनिट फाइलीत शिरून ती ओळ काढली, सिस्टमडीला फाइली पुन्हा वाचायला लावल्या. साडेसहाला वर्कर सुरू झाले.

सुरू झाले आणि मेसेज दोनदा जाऊ लागले. प्रत एक बत्तीसची. तिच्यात असलेले पण त्यानंतर दोन दहापर्यंत पाठवून झालेले मेसेज रांगेत पुन्हा उभे होते. त्याच अवधीत रांगेत आलेले नवे मेसेज मात्र गायब. एजंटांची शिल्लकही एक बत्तीसला होती तिथे गेली, म्हणजे अडतीस मिनिटांत ज्यांनी तिकिटं काढली त्यांना ते पैसे परत मिळाले. रात्रीची वेळ असल्यामुळे आकडा लहान होता. तिकिटांच्या नोंदी पोस्टग्रेसमध्ये शाबूत होत्या, त्यावरून शिल्लक नव्याने मोजली आणि राहिलेले मेसेज पाठवले. संध्याकाळी पाचला हे घडलं असतं तर काय, हा विचार बैठकीत कोणी मोठ्याने बोललं नाही.

सर्वांत खोडसाळ अडचण त्याच रात्री आली. रेडिसला पुन्हा सेवेखाली आणायचं होतं. या वेळी मुदत वाढवलेली होती. हाताने चालवलेल्या रेडिसला 'शटडाउन सेव्ह' दिलं, त्याने प्रत नीट लिहिली, बाहेर पडलं. सेवा सुरू केली आणि ती तात्काळ मेली: डेटा चढवताना 'परमिशन डिनाइड'. प्रत रूटने लिहिलेली, मशिन कडक केलेलं असल्यामुळे रूटचा उमास्क (नव्या फाइलींवर कोणाला कोणते हक्क नाकारायचे ते ठरवणारा आकडा) ०२७, म्हणजे फाइल रूटशिवाय कोणालाच वाचता येत नव्हती. सेवा मात्र 'रेडिस' या वापरकर्त्याखाली चालते. मालक बदलला, 'रीसेट-फेल्ड' दिलं (पाच वेळा फसल्यावर हे दिल्याशिवाय सिस्टमडी काही वेळ दाद देत नाही), आणि सेवा उठली.

कायमच्या उपायासाठी काय तोललं

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत पहिली सूचना आली ती 'टाइप=सिंपल' करून टाकायची. मग निरोपाची वाटच पाहायची नाही, मुदतीचा प्रश्नच मिटला. हे चालतं, आणि अनेक ठिकाणी असंच चालू आहे. पण त्याने 'आफ्टर' पोकळ होतं: प्रोसेस जन्मली की सिस्टमडी वर्करांना सोडतं आणि ते साडेतीन मिनिटं 'लोडिंग'वर डोकं आपटतात. निरोपाची सोय हातात असताना ती फेकायचं कारण नव्हतं. सूचना मागे पडली.

मुदत किती द्यायची यावर खरी चर्चा झाली. नमुन्यातली 'इन्फिनिटी'ची ओळ उघडायची, हे सोपं. सुरू होण्यासाठी त्यात फारसा धोका नाही; डिस्क अडकली तर सेवा कायम 'ॲक्टिव्हेटिंग' राहील, एवढंच, आणि ती अवस्था किती वेळ चालली हे मोजता येतं. थांबण्यासाठी अमर्याद मुदत वेगळी गोष्ट आहे. डिस्क भरली असेल आणि प्रत लिहिता आली नाही, तर रेडिस सिगटर्म मिळूनही बाहेर पडायला नकार देतं. डेटाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण मुदत अमर्याद असेल तर रीबूट तिथेच लटकतं, तोवर एसएसएचही (दुरून मशिनमध्ये शिरायची वाट) गेलेलं असतं, आणि मग क्लाउडच्या कन्सोलवरून मशिनचा गळा आवळण्याशिवाय उपाय राहत नाही. डेबियनच्या पॅकेजने थांबण्याची मुदत बंद ठेवली आहे, तेव्हा या प्रश्नाचं एकच उत्तर आहे असं मी म्हणणार नाही. इथे ठरलं ते असं: सुरू व्हायला मोजलेल्या वेळेच्या तिप्पट, थांबायला पाच मिनिटं, आणि ठरवून केलेल्या रीबूटआधी रेडिस वेगळं थांबवायचं.

मेमरीवर सिस्टमडीकडूनच मर्यादा घालावी, 'मेमरीमॅक्स' लावावं, असंही सुचलं. ही मर्यादा पूर्ण कंट्रोल ग्रुपवर, म्हणजे सेवेच्या सगळ्या प्रोसेसवर मिळून, लागते. प्रत काढताना फोर्क झालेलं मूल त्याच गटात मोजलं जातं. सुरुवातीला दोघांची पानं (मेमरीचे तुकडे) सामायिक असतात, पण मूळ प्रोसेस जितकी पानं बदलेल तितक्यांच्या दोन प्रती होतात. डेटाला लागून मर्यादा घातली तर भर गर्दीत, म्हणजे सर्वांत जास्त पानं बदलत असताना, कर्नल रेडिसला मारणार. त्याऐवजी रेडिसचं स्वतःचं 'मॅक्समेमरी' लावायचं ठरलं. ६४ बिटवर ते मुळात शून्य, म्हणजे बेलगाम असतं. कर्नलचं 'ओव्हरकमिट मेमरी' (आहे त्याहून जास्त मेमरी मागू देणारी सेटिंग) १ वर आहे ना, एवढं तपासलं. ते होतं.

क्लाउडवाल्यांची तयार सेवा घ्यावी का? दर महिन्याचा खर्च मालकांना परवडणारा होता, पण हंगामाच्या तोंडावर स्थलांतर नको, यावर एकमत झालं. दुसऱ्या मशिनवर प्रतिकृती आणि सेंटिनेल (मुख्य रेडिस पडलं तर प्रतिकृतीला पुढे आणणारा प्रोग्राम), हेही हंगामानंतर. त्या चर्चेत एक धोका पुढे आला तो नोंदवतो. मुख्य रेडिसवर डिस्कची प्रत बंद असेल आणि सिस्टमडी त्याला मेल्या मेल्या उठवत असेल, तर ते रिकामं उठतं, आणि प्रतिकृती इमानेइतबारे त्या रिकामपणाची नक्कल करते. सेंटिनेलला मुख्य रेडिस पडल्याचं कळायच्या आतच हे होऊ शकतं. रेडिसची माहितीपुस्तिका याबद्दल स्पष्ट सावध करते.

उरला तो उपाय सर्वांत साधा होता आणि मूळ दुखण्यावर होता. शोधाचे निकाल आणि एजंटांची शिल्लक एका भांड्यात ठेवायची गरजच काय?

काय केलं

एकच साचा-युनिट लिहिलं, ज्याच्या नावात ॲट चिन्ह असतं, आणि त्यावरून दोन सेवा उभ्या केल्या. 'कॅशे' ६३८० पोर्टवर: डिस्कवर काहीही नाही, १२ जीबीची मर्यादा, भरलं की सर्वांत कमी वापरलेली किल्ली काढायची. 'मुख्य' ६३७९ वर: ४ जीबीची मर्यादा, काहीही काढायचं नाही, आणि एओएफ चालू, दर सेकंदाला डिस्कवर. मुख्य सेवेत जो डेटा उरला तो एक जीबीही भरला नाही.

एओएफ चालू करताना क्रम महत्त्वाचा होता. कॉन्फिग फाइलीत 'अपेंडओन्ली यस' लिहून रेडिस पुन्हा सुरू केलं, तर या आवृत्तीत ते एओएफची फाइल शोधतं, ती सापडत नाही, आणि धडधाकट आरडीबीकडे न पाहता रिकामं उठतं. म्हणून चालू रेडिसला 'कॉन्फिग सेट'ने एओएफ सुरू करायला सांगितलं, फाइल पूर्ण लिहून होऊ दिली, आणि मगच कॉन्फिगमध्ये ओळ घातली. बैठकीत तिघांपैकी दोघांना हे माहीत नव्हतं.

वर्करांच्या युनिटमधलं 'रिक्वायर्स' जाऊन 'वॉन्ट्स' (हवं, पण अट नाही) आलं, 'आफ्टर' राहिलं. रेडिस नसेल तर थांबून पुन्हा जोडून बघायचं काम वर्करच्या कोडमध्ये गेलं. सीट अडवणाऱ्या कोडमध्ये 'सीट गेलेली आहे' आणि 'कळत नाही' ही दोन उत्तरं वेगळी झाली. दुसऱ्याला ग्राहकासमोर 'थोड्या वेळाने पाहा' असं येतं आणि ऑन-कॉलचा फोन वाजतो. देखरेख आता पोर्टवर थांबत नाही: रेडिसच्या 'इन्फो' या आज्ञेतून डेटा अजून चढतोय का आणि शेवटची प्रत नीट निघाली का ते पाहते, आणि कोणतीही सेवा पाच मिनिटांहून जास्त 'ॲक्टिव्हेटिंग' राहिली तर कळवते.

परिणाम

त्याच आठवड्यात मध्यरात्री ठरवून रीबूट केलं. मुख्य सेवा दहा सेकंदांच्या आत तयार झाली, कॅशे लगेच उठला, वर्कर क्रमाने मागे आले. कॅशे रिकामा असल्यामुळे पहिली वीसेक मिनिटं पोस्टग्रेसवर ताण वाढला. दिवसा हे सोसलं नसतं, म्हणून रीबूट रात्रीच करायचं हे लेखी झालं. गणपतीचा हंगाम रेडिसकडून विनातक्रार गेला. एका संध्याकाळी पोस्टग्रेसने मान टाकली, पण ती वेगळी कथा.

एजंटांची शिल्लक रेडिसमध्ये असावी की नसावी हा प्रश्न मात्र सुटलेला नाही. एओएफमुळे नुकसान साधारण सेकंदावर आलं, शून्यावर नाही. माझं मत ती पोस्टग्रेसमध्ये परत न्यावी असं आहे. संघाचं मत विभागलेलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

रीबूटच्या आधी तीन आज्ञा दिल्या असत्या तर रात्र शांत गेली असती. एक, 'बीजीसेव्ह' (पार्श्वभूमीत प्रत काढायची आज्ञा), आणि 'लास्टसेव्ह'ची वेळ पुढे सरकली का ते पाहणं. दोन, 'सिस्टमसीटीएल शो'मधून दोन्ही मुदती वाचणं. युनिट फाइलीत जे लिहिलेलं नाही तेही लागू असतं, आणि ते इथेच दिसतं. तीन, रीबूट न करता आधी नुसतं रेडिस थांबवणं आणि ते स्वतःहून बाहेर पडतं का याची वाट बघणं. खरं तर तिसऱ्या आज्ञेतही ९० सेकंदांनी सिगकिल आलाच असता. पण पहिली आज्ञा नीट झाली असेल तर त्याने बिघडलं नसतं, आणि काय चुकतंय ते मशिन समोर असताना कळलं असतं.

डेटा दोन जीबीचा अठरा जीबी होत असताना उठायला लागणारा वेळ कोणीतरी मोजायला हवा होता. त्यासाठी उत्पादनातलं मशिन लागत नाही. रात्रीची प्रत एखाद्या चाचणीच्या मशिनवर चढवून बघितली की वेळही कळते आणि प्रत वाचण्याजोगी आहे हेही कळतं. ही कंपनी आता हे महिन्यातून एकदा करते.

हाताने सुरू करायची वेळ खरोखर आलीच, तर रूट म्हणून करू नये. सेवेचा जो वापरकर्ता आहे त्याच्या नावाने करावं. उमास्कचा घोळ तिथेच टळला असता. पोर्टची मारामारी मात्र टळली नसती, कारण सिस्टमडीला अंधारात ठेवून चालवलेली कोणतीही प्रोसेस त्याच्या अवलंबित्वाच्या हिशेबात बसत नाही.

मार्च २०२४ मध्ये रेडिसचा परवाना बदलल्यानंतर लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली निघालेल्या व्हॅल्कीवर ही कंपनी पुढे जाण्याच्या विचारात आहे. ते रेडिस ७.२.४ पासून फुटलेलं असल्यामुळे निरोप, मुदती आणि तात्पुरत्या फाइलींचं वागणं ओळखीचंच असेल. पण ७.० पासून एओएफ एका फाइलीऐवजी स्वतंत्र फोल्डरमध्ये, अनेक तुकड्यांत राहतो, तेव्हा बॅकअपची स्क्रिप्ट आधी बदलावी लागणार आहे. ते काम दिवाळीच्या हंगामानंतरच्या यादीत आहे.